आधी आषाढाचं बघा
पिरंगुट परिसरातल्या घरगुती फळबागेवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं, भूगाव-भुकूम मागं टाकलं आणि छोटा घाट उतरला की पिरंगुट येतं. एकेकाळी इथं भाताची खाचरं, गवताचे माळ आणि उतारावरच्या करवंदीच्या जाळ्या होत्या. आता कारखाने आहेत, गृहसंकुलं आहेत आणि त्यांच्या अधेमधे पाच, दहा, वीस गुंठ्यांचे, तारेचं कुंपण घातलेले तुकडे आहेत. असा तुकडा घेणारा माणूस बहुधा पुण्यात राहतो, शनिवार-रविवारी येतो आणि पहिल्याच पावसाळ्यात रोपवाटिकेतून आंब्याची आठ-दहा कलमं आणून ओळीनं लावतो. चार-पाच वर्षांनी कलमं धरू लागतात. मग मे महिन्यात तीन आठवडे घरात आंबे ठेवायला जागा उरत नाही. आढी लावून झाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून झालं, रस काढून बाटल्या भरल्या, तरी झाडाखाली फळं सडतातच. आणि जुलैत त्याच घरातल्या पोराला फळ हवं झालं तर ते कोथरूडच्या बाजारातून पिशवीतून येतं.

मे आणि जुलैमधल्या या तफावतीसाठी ही पुस्तिका लिहिली आहे. तिचं म्हणणं एवढंच की बागेचा आराखडा आवडत्या फळापासून सुरू करू नये, रिकाम्या महिन्यापासून करावा. मे आपोआप भरतो. आषाढ भरावा लागतो.

बाजारासाठी लावलेल्या बागेचं गणित याच्या उलटं असतं. तिथं सगळी फळं एकदम येणं हीच सोय. तोडणीला एकदाच माणसं लावायची, एकच गाडी भरायची, एकाच व्यापाऱ्याशी बोलायचं. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला आणि कोरडवाहू शिवारांत आंबा, डाळिंब, बोर, सीताफळ, आवळा यांच्या बागा उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. या योजनांनी राज्याच्या फळशेतीचा नकाशा बदलला, यात वाद नाही. पण त्यांचं माप हेक्टरचं. त्यांच्या पत्रकांतून आणि रोपवाटिकांच्या जाहिरातींतून आपल्यापर्यंत जी माहिती पोचते ती एका पिकाच्या बागेची असते: एकरी किती झाडं, एकरी किती टन. घरासाठी झाड लावणाऱ्याला टनाशी काही कर्तव्य नाही. चार माणसांच्या घराला आठवड्याला किती फळ लागतं आणि वर्षातले किती आठवडे ते आपल्या झाडावरून उतरेल, एवढाच त्याचा प्रश्न असतो. या प्रश्नाला उत्तर देणारं मराठीत फारसं सुटसुटीत हाताशी नसतं, म्हणून हा खटाटोप.

मे महिन्यातच एवढी गर्दी का होते, हे समजून घेतलं की पुढची निवड सोपी जाते. सह्याद्रीच्या या पट्ट्यात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. आंबा, फणस, जांभूळ यांचं बी नाजूक असतं. आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी वाळवून डब्यात ठेवली आणि पुढच्या वर्षी पेरली तर ती रुजत नाही. फळाबाहेर पडल्यावर थोड्याच आठवड्यांत तिच्यातला जीव जातो. अशा झाडांची फळं पाऊस तोंडावर आलेला असतानाच पिकून पडतात, म्हणजे बी जमिनीवर येतं आणि लगेच त्याला ओल मिळते. सीताफळ, बोर, चिंच, आवळा यांचं बी टणक कवचाचं, कोरडे महिने काढू शकणारं. त्यांना घाई नसते. त्यांची फळं पाऊस सरल्यावर, एकापाठोपाठ एक, उन्हाळ्याच्या उंबरठ्यापर्यंत येत राहतात. थोडक्यात, या डोंगरांची फळं दोन हप्त्यांत येतात, एक पावसाच्या आधी आणि दुसरा पावसानंतर. मधले आषाढ-श्रावण झाडं पालवी फोडण्यात आणि पुढची फळं पोसण्यात घालवतात.

आपल्या सणवारांतही हाच हिशेब दिसतो. चैत्रगौरीला कैरीची डाळ आणि पन्हं, अक्षय्य तृतीयेला आंबा, वटपौर्णिमेच्या वाणात आंब्याबरोबर फणसाचे गरे, जांभळं, करवंदं. पुढं गणपतीत पाच फळं, तेव्हा सीताफळ नुकतं डोळे उघडू लागलेलं. तुळशीच्या लग्नात चिंचा, आवळे, बोरं. संक्रांतीच्या सुगडात पुन्हा बोरं, महाशिवरात्रीला कवठ. वटपौर्णिमा आणि गणेश चतुर्थी यांच्या मधल्या अडीच महिन्यांत उपासांची रेलचेल असते. आषाढी एकादशी येते, चातुर्मास लागतो, श्रावणी सोमवार येतात. पण खास त्या दिवसांचं म्हणावं असं परसातलं फळ सहसा आठवत नाही. केळ्यावर आणि साबुदाण्यावर भागतं. वर्षाचा जो भाग सणांनाही भरता आला नाही, तो आपल्या दहा गुंठ्यांत सहज भरेल अशी आशा धरू नये. पण त्याची तयारी मात्र सगळ्यात आधी करावी.

आता जागेविषयी. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. याच रस्त्यानं पश्चिमेला पौड आणि मुळशी धरण ओलांडून ताम्हिणीत गेलं की हा आकडा कित्येक हजारांवर जातो. पिरंगुट या दोहोंच्या मधे, शहराच्या बाजूला झुकलेलं. इथं दहा-बारा किलोमीटर पुढं-मागं सरकलं तरी पावसाचा स्वभाव बदलतो. त्यामुळे सांगोल्यात किंवा पुरंदरात जमलेली बाग इथं जशीच्या तशी उचलून आणता येत नाही आणि कोकणातलीही आणता येत नाही. जमिनीचंही तसंच. उतारावर वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. खाली ओढ्याच्या आणि मुळा नदीच्या काठाला खाचरांची चिकट काळी जमीन. उतारावर पाणी टिकत नाही, खाचरात पाणी हटत नाही. शिवाय बरीच बोअर एप्रिल-मेमध्ये दम सोडतात आणि टँकर मागवावा लागतो. म्हणून उन्हाळ्यात भरपूर पाणी मागणारं झाड इथं लावताना दोनदा विचार करावा, आणि पावसाळ्यात पाय कोरडे मागणारं झाड खाचरात लावूच नये.

या पुस्तिकेत झाडांचे तीन गट पाडले आहेत. ते वनस्पतिशास्त्राचे नाहीत. फळाची तारीख कोण ठरवतं, त्यावरून पाडलेले आहेत.

पहिल्या गटात तारीख हवामान ठरवतं. आंबा, फणस, जांभूळ, करवंद, आवळा, चिंच, कवठ ही सगळी या गटातली. आंब्याला मोहर येतो तो हिवाळ्यातल्या थंड रात्रींनी. पाणी तोडून किंवा देऊन त्याचं फळ श्रावणात ढकलता येत नाही. आवळ्याची तऱ्हा और. तो वसंतात फुलतो, फळही धरतो, पण धरलेलं फळ उन्हाळाभर वाढायचं थांबून राहतं आणि पाऊस पडल्यावर वाढीला लागतं, तोडणी कार्तिक-मार्गशीर्षात. या गटात मालकाच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे जातीची निवड. कागदावर पाहिलं तर आंब्याचा हंगाम जातींनी चांगला लांबवता येतो. पायरी आणि हापूस आधी, केसर मागोमाग, मग तोतापुरी आणि शेवटी नीलम किंवा आम्रपाली. पिरंगुटात मात्र या यादीचा शेवटचा भाग फसतो. देशावर आंबा कोकणापेक्षा मुळातच उशिरा तयार होतो आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो. पावसात सापडलेल्या आंब्यावर फळमाशी बसते, आणि वरून गोजिरं दिसणारं नीलम कापलं की आत अळ्या. तेव्हा इथं आंब्याचा हंगाम शेवटाकडे ताणू नये, सुरुवातीकडे ताणावा. म्हणजे एक पायरी, एक केसर आणि लोणच्या-पन्ह्यासाठी एक रायवळ. रायवळ झाड बहुतेक तुकड्यांवर आधीच उभं असतं. घर बांधताना ते तोडू नये. मार्चपासूनची कैरी तेच देतं.

दुसऱ्या गटातली झाडं माणसाचं ऐकतात. पेरू, सीताफळ, लिंबू, अंजीर, डाळिंब, बोर. यांतल्या बहुतेकांना फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे फूट कधी येईल हे ठरवलं की फळ कधी येईल हे ठरतं. आपल्याकडचे बागाईतदार याला बहार धरणं म्हणतात. झाडाचं पाणी तोडायचं, ते ताणावर सोडायचं. वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळतात, अन्नाचा साठा फांद्यांत राहतो. मग आळ्यातली माती हलकी चाळायची, खत भरायचं, पाणी सोडायचं. झाड नव्या फुटीबरोबर फुलावर येतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत जास्त दिवस लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याच्या मोहराच्या सुमाराला फुलवला तर आंबे बहार. मृग नक्षत्राच्या पावसावर फुलला तर मृग बहार. सप्टेंबरअखेरीस हस्ताच्या सुमाराला फुलवला तर हस्त बहार. फळ धरण्याचं कॅलेंडर नक्षत्रांवर बसवणारी ही पद्धत दख्खनच्या बागाईतीचं मोठं शहाणपण आहे. टप्प्याटप्प्यानं फळ घ्यायची कल्पना परदेशी पुस्तकांतून शिकायची आपल्याला गरज नव्हती. फक्त ती बाजारभावासाठी वापरली गेली, घरच्या ताटासाठी नाही.

हे तीनही बहार पिरंगुटात सारखे सोपे नाहीत. आंबे बहाराला मार्च ते मे नियमित पाणी लागतं आणि नेमकं तेव्हाच बोअर आटतं. शिवाय त्याचं फळ जुलै-ऑगस्टच्या झडीत पिकतं. त्या दिवसांतला पेरू पाणचट होतो आणि फळमाशीला आवडतो. हस्त बहारासाठी सप्टेंबरात झाडाला ताण बसायला हवा, पण परतीचा पाऊस येऊन तो मोडतो. मृग बहार मात्र इथं जवळजवळ फुकट मिळतो. मे महिन्यात पाणी नसतंच, ताण निसर्गच देतो, आणि पहिल्या पावसाला झाडं फुटतात. तेव्हा या गटातल्या झाडांचं मुख्य पीक मृगावर घ्यावं आणि थोडी गंमत कात्रीनं करावी. पेरूची चार झाडं असतील तर दोन मेच्या सुरुवातीला छाटावीत, दोन जूनच्या सुरुवातीला. पहिल्या दोघांची फळं नोव्हेंबरात सुरू होतात, दुसऱ्यांची संक्रांतीपर्यंत पुरतात. हिवाळ्यातला पेरू घट्ट, गोड आणि अळीविना मिळतो.

पेरूचं नाव निघालं की पिरंगुटकरांनी शेजारच्या गणेशखिंडीची आठवण ठेवायला हवी. १८७३ साली तिथं सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं आणि पुढं तिथंच फळझाडांवर प्रयोग चालले. आज देशभर लावला जाणारा सरदार पेरू, म्हणजे लखनौ-४९, डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ मध्ये गणेशखिंडीच्या केंद्रात निवडला. आळंदीच्या डाळिंबातून त्यांनी १९३६ मध्ये निवडलेला वाण पुढं गणेश या नावानं प्रसिद्ध झाला. या दोन्ही जाती अनेक रोपांतून उत्तम झाड हेरून निघालेल्या आहेत. ज्या हवेत सरदार पेरू जन्मला त्याच हवेत आपण राहतो. मग परराज्यातून आलेल्या, नावापुढं रंगीत फोटो लावलेल्या जातींच्या मागं धावायची गरज निदान पेरूच्या बाबतीत तरी नाही.

सीताफळ या मुरमाड उतारांसाठीच जन्माला आलं आहे. पाला शेळ्या खात नाहीत, पाणी फार मागत नाही, उन्हाळ्यात पानं टाकून गप्प उभं राहतं. चार झाडं असतील तर तिघांना पावसावर सोडावं; त्यांची फळं भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत येतात. चौथ्याला मार्चमध्ये हलकी छाटणी करून आळ्यात पाणी द्यावं. ते आधी फुटतं, आधी फुलतं आणि श्रावणात थोडी फळं देतं. पावसात काही काळी पडून वाळतील, हे धरूनच चालावं. लिंबाचं दुखणं वेगळं. ते पावसाळ्यात ढिगानं येतं, जेव्हा सरबत कुणाला नको असतं. म्हणून दोनपैकी एक लिंबू उताराच्या कोरड्या बाजूला लावून पाऊस थांबताच हस्त बहाराचा प्रयत्न करावा; परतीच्या पावसानं दया केली तर एप्रिलमध्ये घरचं लिंबू मिळतं. अंजीर पुरंदरचं प्रसिद्ध. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पुरंदर पर्जन्यछायेत आहे, पिरंगुट नाही. तिथले शेतकरी पावसाळी खट्टा बहार आणि उन्हाळी मीठा बहार असे दोन्ही घेतात. इथल्या दमट पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो, फळ फुटतं. इथं पावसाळा सरताना छाटणी करून फक्त मीठा बहार घ्यावा. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, जेव्हा पेरू संपलेला आणि आंबा यायचा असतो, तेव्हा अंजिराची दोन झाडं घराला पुरून उरतात. त्याच दिवसांत रामफळ येतं. सीताफळाच्या कुळातलंच हे झाड, पण पिकतं फाल्गुन-चैत्रात. फळाला बाजारात फार भाव नाही म्हणून ते हल्ली फारसं कुणी लावत नाही. घरगुती बागेत त्याचा मान पहिल्या पाचांत हवा, कारण ते नेमकी मोकळी जागा भरतं.

तिसऱ्या गटातल्या झाडांची तारीख लावणीच्या दिवशी ठरते, किंवा ती तारीख पाळतच नाहीत. पपई लावल्यापासून नऊ-दहा महिन्यांत फळ देऊ लागते. बहुतेक लोक ती जूनमध्ये लावतात, कोवळं रोप जुलैत मुळाशी कुजतं आणि पपई इथं होत नाही असा निकाल लागतो. तीच सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरताना, उंच वरंब्यावर लावली तर पुढच्या आषाढात पिकते. माव्यातून पसरणारा विषाणू रोग एक-दोन वर्षांत झाडं घेऊन जातो. म्हणून दरवर्षी तीन नवी रोपं लावायची आणि जुनी बेलाशक काढायची. केळीचंही तसंच. पाच मुनवे एकाच दिवशी लावले तर वर्षानं पाच घड एकदम उतरतात. दोन-दोन महिन्यांच्या अंतरानं लावले तर घडही अंतरानं मिळतात. चिकूच्या झाडावर फूल, कोवळं फळ आणि तयार फळ एकाच वेळी दिसतं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा भर असतो आणि इतर वेळीही चार-दोन मिळतात. कालीपत्ती जातीचं, खिरणीवर बांधलेलं एक कलम घराला पुरतं.

आता आषाढ. तो भरायला आपल्याकडे चार गोष्टी आहेत. सप्टेंबरातली पपई, अंतरानं लावलेली केळी, श्रावणाला हात लावणारं ते चौथं सीताफळ, आणि नव्यानं आलेलं ड्रॅगन फ्रूट. हे शेवटचं मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. रात्री फुलतं, फुलल्यापासून महिना-सव्वा महिन्यात पिकतं, आणि त्याची फळं नेमकी पावसाळ्यात, जून ते नोव्हेंबर, लाटेलाटेनं येतात. निचऱ्याचा मुरूम त्याला मानवतो. सिमेंटच्या खांबावर चढवलेल्या चार वेली कुंपणाच्या कडेला मावतात. चवीनं ते आंब्याच्या जवळपासही जात नाही, हे मान्य. पण ज्या महिन्यात दुसरं काही नाही त्या महिन्यात येणारं फळ चवीच्या तराजूत तोलायचं नसतं. पाचवी गोष्ट झाडावर नसून फडताळात असते. कैरीचं लोणचं, मोरावळा, फणसपोळी, वाळवलेली चिंच, करवंदांचा मुरंबा. आपल्या आजी-पणजींनी आषाढ असाच भरला. तेव्हा मे महिन्याचा अतिरेक पूर्ण टाळू नका. टिकणारं फळ जास्त आणि नासणारं कमी, अशा प्रमाणात तो होऊ द्या.

टप्पे महिन्यांचे असतात तसे वर्षांचेही असतात, आणि हे बहुतेक आराखड्यांत राहून जातं. पपई पहिल्याच वर्षी, केळी वर्षभरानं, ड्रॅगन फ्रूट आणि पेरूचं कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, सीताफळ तिसऱ्या-चौथ्या, आंबा, चिकू, आवळा आणि लिंबू चौथ्या-पाचव्या वर्षापासून, बियांवरचा फणस त्याहून पुष्कळ उशिरा. सगळी जागा पहिल्याच पावसाळ्यात आंब्यांनी भरली तर चार वर्षं घरात काहीच येत नाही, माणूस कंटाळतो, पाणी घालायचं थांबतो आणि कलमं मरतात. मोठ्या झाडांच्या मधल्या जागेत पपई आणि केळी लावली की ती वर्षं भरतात. आंबे मोठे होईपर्यंत त्यांची वेळ संपलेली असते. त्यातच आंब्याची एक वर्षाआड धरण्याची खोड. हापूसला ती फार, केसरला कमी. एकाच जातीची दहा झाडं एकाच वर्षी रुसू शकतात, हेही मिश्र बागेच्या बाजूचं एक कारण.

दहा गुंठ्यांत हे सगळं मावेल का? जुन्या शिफारशीप्रमाणे आंबा दहा मीटरवर लावायचा, म्हणजे एका झाडाला शंभर चौरस मीटर, जवळजवळ अख्खा गुंठा. या मापानं दहा गुंठ्यांत दहाच आंबे आणि घराला जागा नाही. पण घरगुती बागेत झाड छाटून बुटकं ठेवता येतं, ठेवावंच. पाच-सहा मीटरचं अंतर आंब्याला पुरतं, पेरू-सीताफळाला चार-पाच. घर, वाट, पाण्याची टाकी आणि आधीचा रायवळ वगळून उरलेल्या जागेत दोन आंबे, एक चिकू, चार पेरू, चार सीताफळं, दोन अंजीर, दोन लिंबं, दोन आवळे, एक रामफळ, फिरती पपई-केळी आणि कुंपणाला करवंद व ड्रॅगन फ्रूट बसतात. आवळे दोन आणि वेगळ्या जातींचे हवेत, कारण एकट्या आवळ्याला परागीकरणाअभावी फळ कमी धरतं. जांभूळ आणि फणस मोठे होतात. ते लावायचेच असतील तर घराच्या आणि छोट्या झाडांच्या उत्तरेला, म्हणजे हिवाळ्यातलं ऊन अडणार नाही.

काही फळं आम्ही या आराखड्यातून मुद्दाम वगळली आहेत. डाळिंब कोरड्या हवेचं. सोलापूर-सांगलीच्या माळावर ते राज्य करतं, पण इथल्या झडीत तेल्या रोग आणि बुरशी त्याला टिकू देत नाहीत. ज्यांना हौस आहे त्यांनी एखादं लावावं, भरवशाच्या यादीत धरू नये. कमी थंडीत येणाऱ्या सफरचंदाच्या जाती हल्ली रोपवाटिकांत मिळतात. त्यांचं फळ उन्हाळ्याच्या शेवटी येतं, म्हणजे आंबा, फणस आणि जांभळाच्या गर्दीत. झाड जगलं तरी आपल्या कॅलेंडरला त्याचा उपयोग नाही. नव्या फळाचं रोप घ्यायच्या आधी विचारायचा प्रश्न हाच: हे कोणत्या महिन्यात येतं, आणि तो महिना माझ्याकडे रिकामा आहे का? विक्रेत्याला दुसरं काही सांगता आलं नाही तरी एवढं सांगता यायला हवं.

खरेदी आणि लावणीबद्दल सविस्तर प्रकरण पुढं आहेच, इथं दोन-चार गोष्टी. शक्यतो शासनमान्य रोपवाटिकेतून जातीचं कलम घ्यावं आणि जोडाच्या खालून फुटणारे कोंब काढत राहावं. नाहीतर दोन वर्षांत वरचा केसर जाऊन खालचा रायवळ उरतो. पिशवीत असतानाच फळ लागलेलं रोप दिसायला गोड, पण त्याची ताकद फळात गेलेली असते. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावेत, शेणखत आणि माती भरून ठेवावी, आणि लावणी जूनच्या उत्तरार्धात किंवा सरळ ऑगस्टअखेर करावी. जुलैच्या धो-धो पावसात नको. उतारावरच्या तुकड्यांना माघ-फाल्गुनात वणव्याचा धोका असतो. गवत कापून कुंपणालगत जाळरेषा काढली नाही तर पाच वर्षांची बाग एका दुपारी जाते. वानरं येणारच. त्यांच्यासाठी उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात, उपाय क्वचितच लागू पडतो. पण मिश्र बागेत सगळं एकाच धाडीत जात नाही, हा तिचा आणखी एक गुण.

पुस्तिकेच्या शेवटी बारा महिन्यांचा तक्ता दिला आहे. तो विकत घ्यायच्या याद्यांसाठी नाही. आधी त्यात आपल्याकडे उभ्या असलेल्या झाडांचे महिने भरा, मग कोणते रकाने कोरे राहतात ते बघा, आणि त्यांतला सगळ्यात मोठा कोरा भाग भरणारी तीन रोपं या वर्षी लावा. बाकीची पुढच्या वर्षी. तक्त्यातल्या तारखा पिरंगुटच्या आसपासच्या सर्वसाधारण पावसाला धरून आहेत. पौडकडे सरकलात तर पावसाळी फळं अधिक नासतील, भुकूम-भूगावकडे थोडी कमी. उतारावरचं झाड खाचरातल्या झाडाआधी ताणावर जाईल. म्हणून प्रत्येक झाडाला पहिलं फूल कधी आलं आणि पहिलं फळ कधी उतरलं, एवढ्या दोन तारखा घरातल्या कॅलेंडरवर टिपून ठेवा. चार-पाच वर्षांनी तुमच्या तारखा आणि आमचा तक्ता यांत फरक पडेल. तेव्हा तक्ता खोडा आणि पुढची रोपं स्वतःच्या तारखांवरून निवडा.